बोट कुणाचे, दार कुणाचे?

माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचे नख वाकडे उगवते. तिसरीत असताना वर्गाच्या लोखंडी दारात ते बोट सापडले होते. धुळ्यातली शाळा, एप्रिलचे दिवस, सकाळची शाळा. दार उघडे राहावे म्हणून रोज त्याला एक वीट लावलेली असे. त्या दिवशी ती वीट पोरांनी मैदानात स्टंप म्हणून नेली होती. मी बिजागरीच्या बाजूला चौकट धरून बाहेरचा खेळ बघत उभा होतो. वारा आला आणि दार लागले.

गुरुजींनी फडके गुंडाळले आणि विचारले, "लक्ष कुठे होतं रे तुझं?" घरी अम्मी रडत रडत तेच म्हणाली, "ध्यान किधर था तेरा?" दवाखान्यात पट्टी बांधणारा म्हणाला, "पोरगं मस्तीखोर दिसतंय." तीन माणसे, तिघेही माझ्या भल्याचेच बोलत होते आणि तिघांचा प्रश्न एकच होता. दाराला मात्र कुणी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी वीट परत जागेवर आली. तेवढीच काय ती चौकशी.

गेल्या जूनमध्ये भाचीला पहिलीत घालायला गेलो. शाळा वेगळी, इमारत नवी, भिंतीवर छान रंगवलेली बाराखडी. आणि वर्गाच्या दाराला लावलेली वीट. मध्ये चाळीस वर्षे गेली होती.

त्या विटेमुळे मला हा लेख लिहावासा वाटला. मुलाचे बोट दारात चेमटते तेव्हा आपण मुलाला प्रश्न विचारतो, दाराला विचारत नाही. ही सवय कुठून आली? आणि दुसरीकडे, जिथे माणसांनी उलट सवय लावून घेतली, तिथे ती कशी लागली? याचे उत्तर इतिहासात सापडते आणि त्यातला बराचसा इतिहास आपल्या खानदेशाच्या आसपासचाच आहे.

दार कुणासाठी होते?

धुळ्याहून मुंबईकडे निघाले की थोड्याच अंतरावर लळिंगचा किल्ला दिसतो. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. तिथे फारुकी सुलतानांच्या कबरी आजही उभ्या आहेत. मलिक राजापासून सुरू झालेल्या या घराण्याने १३८२ ते १६०१ अशी दोन शतकांहून जास्त वर्षे खानदेशावर राज्य केले. त्या काळचा किल्ला म्हणजे आधी त्याचा दरवाजा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून फळ्यांवर लोखंडी खिळे, आतून भिंतीत सरकणारा अडसर, आणि मोठे दार न उघडता एकेक माणूस आत घेता यावा म्हणून लहानसा दिंडी दरवाजा. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. तो गड तोफेने नव्हे, सोन्याच्या किल्लीने उघडला, असे आजही सांगितले जाते. गोष्ट खरी असो वा नसो, दार म्हणजे शत्रू आणि आपण यांच्यामधली वस्तू, ही समजूत तीत पुरेपूर दिसते.

जगात इतरत्रही असेच होते. अल्-जझारी या थोर यंत्रकाराने १२०६ च्या सुमारास यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाण्याची घड्याळे आहेत, पाणी उपसण्याची यंत्रे आहेत आणि आमिद, म्हणजे आजच्या दियारबाकीर, इथल्या राजवाड्यासाठी ओतलेल्या धातूच्या भव्य दाराचेही वर्णन आहे. दाराची शोभा कशी वाढवावी, ते मजबूत कसे करावे, यावर माणसाने शतकानुशतके डोके चालवले. त्या दाराजवळ खेळणाऱ्या लेकराच्या बोटाचा विचार मात्र कुणाच्याच यादीत नव्हता.

खानदेशातल्या जुन्या वाड्यांची दारेही चोराला डोळ्यासमोर ठेवून केलेली. जाड सागवानी फळ्या, कडी-कोयंडा, मागे अडसर. मात्र या दारांना एक गोष्ट आपोआप लाभली होती. ती दोन पल्ल्यांची असत. एकेक पल्ला अरुंद, जड आणि सावकाश फिरणारा. वाऱ्याने फाडकन लागणारे हे दार नव्हे. शिवाय घरात कुणी ना कुणी मोठे माणूस असेच. धोका तिथेही होता, पण एका दाराशी चाळीस पोरे एकाच वेळी झोंबत नव्हती.

शाळेला दार आले

आपल्याकडची जुनी शाळा बहुधा बिनदाराची होती. पंतोजी ओसरीवर बसत, देवळात बसत, धर्मशाळेत बसत. मकतब मशिदीच्या ओवरीत भरे. पोरे मातीवर बोट फिरवून अक्षरे गिरवत आणि घरी जात. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तीही भिडे वाड्यात, म्हणजे एका राहत्या वाड्यात. शाळा म्हणून बांधलेली इमारत ही त्या मानाने अलीकडची गोष्ट आहे.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा इथला पहिला इंग्रज अधिकारी. त्याने धुळे हे मुख्य ठिकाण केले आणि नवी पेठ आखली. जुन्या धुळ्यातल्या नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्या बघितल्या की ती आखणी आजही जाणवते. ब्रिग्ज हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे. सरकार आले तशी कचेरी आली आणि कचेरीच्याच नमुन्यावर शाळा आली. रांगेत खोल्या, प्रत्येक खोलीला एक दार, दाराला बाहेरून कडी. हे दारही मुलासाठी नव्हतेच. सुट्टीत टेबल-खुर्ची आणि दप्तर चोरीला जाऊ नये, यासाठी ते होते. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत दिसणारे पत्र्याचे दार त्याच वंशातले. फॅब्रिकेशनवाल्याला सांगितलेले असते, "कुलूप नीट बसलं पाहिजे." बोटाबद्दल त्याला कुणी काही सांगितलेले नसते, म्हणून तोही काही करत नाही.

१९२३ मध्ये मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला आणि त्यांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याचा मार्ग मिळाला. सक्ती हा शब्द मला इथे महत्त्वाचा वाटतो. मूल घरी खेळताना पडले तर तो घरचा प्रश्न. पण "मूल पाठवलेच पाहिजे" असे सरकार ज्या क्षणी म्हणते, त्या क्षणी ज्या इमारतीत ते पाठवायचे तिची जबाबदारीही सरकारवर येते. ही दुसरी बाजू आपल्याकडे फार उशिरा बोलली गेली.

गिरणीतले बोट

आता याच शहराची दुसरी बाजू बघू. धुळे हे विणकरांचे गाव. १८५७ नंतर आणि त्यानंतरच्या दुष्काळांत उत्तरेकडून निघालेली मोमीन विणकर कुटुंबे मालेगाव, भिवंडी, बुऱ्हाणपूरप्रमाणे धुळ्यातही वसली. पुढे इथे कापडाची गिरणी आली आणि हातमागांच्या जागी पॉवरलूम आले. ज्या मोहल्ल्यात मागाचा खडखडाट रात्रंदिवस चालतो, तिथे कापलेले बोट ही काही नवलाईची गोष्ट नाही. आपल्यातल्या अनेकांच्या घरात एखाद्या चाचाचे बोट अर्धेच असते.

गिरणी नवीन होती तेव्हा तिथेही हाच प्रश्न विचारला जाई, "लक्ष कुठे होतं तुझं?" पट्ट्यात हात गेला तर कामगार बेसावध, दातेरी चाकात बोट गेले तर पोर खोडकर. कारण त्या गिरण्यांत सात-आठ वर्षांची मुलेही काम करत. इंग्लंडमध्ये यावर बराच झगडा झाला आणि १८४४ च्या कारखाना कायद्यात एक साधी गोष्ट आली: फिरणाऱ्या यंत्राला आवरण घाला. हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ होता, मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा त्यांना खुपत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. कायदाही तोकडा होता. वाफेवर किंवा तशा शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा जास्त माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. तरी त्यात तीन गोष्टी होत्या. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचे नाही आणि बारापर्यंतच्या मुलांना नऊ तासांहून अधिक राबवायचे नाही. धोक्याच्या यंत्राला आवरण घालायचे. आणि अपघात झाला तर कळवायचा.

कायद्याने प्रश्नाची दिशा बदलली. "बोट तिथे का घातलेस?" हा प्रश्न मागे पडला आणि "चाक उघडे का ठेवलेस?" हा पुढे आला. माणूस दिवसभरात कधीतरी बेसावध होणारच आणि मूल तर होणारच, हे गृहीत धरले गेले. १९४८ च्या कारखाना कायद्यात हेच तत्त्व आणखी पक्के झाले.

१९२३ या वर्षाकडे पुन्हा वळू. त्याच वर्षी, ज्या वर्षी मुंबई इलाख्यात शाळेचा कायदा झाला, देशात कामगार नुकसानभरपाई कायदाही झाला. त्याला एक यादी जोडलेली आहे, ती पुढे अनेकदा सुधारली गेली. त्या यादीत शरीराच्या एकेका भागाचा हिशेब आहे. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के कमी झाली असे धरायचे. नुसते टोक कापले गेले, हाड शाबूत राहिले, तर ५ टक्के. मधल्या बोटाला १२ टक्के आणि टोकाला ४. वाचताना अंगावर काटा येतो, पण या यादीचा एक मोठा अर्थ आहे. बोटाला किंमत आहे, आणि ती मालकाने मोजायची आहे. ज्याला बोटाचे पैसे मोजावे लागतात तो चाकाला जाळी बसवतो.

शाळेतल्या मुलाच्या बोटाची अशी यादी कुठेच नव्हती. बाप गिरणीत जाई तिथे चाकाला जाळी होती, किंवा असायला हवी असा निदान कायदा होता. मुलगा शाळेत जाई तिथे बिजागरी उघडी होती, आणि ती उघडी नसावी असे कुणी म्हटलेलेही नव्हते.

संडरलँडची १८३ मुले

दाराच्या बाबतीत ही दिशा बदलायला फार मोठी किंमत मोजावी लागली. १६ जून १८८३, इंग्लंडमधले संडरलँड शहर. व्हिक्टोरिया हॉल नावाच्या सभागृहात मुलांसाठी जादूचे प्रयोग होते. खेळाच्या शेवटी जाहीर झाले की काही ठरावीक क्रमांकांची तिकिटे असलेल्यांना जाताना बक्षीस मिळेल, आणि खालच्या मुलांना खेळणी वाटायला सुरुवातही झाली. वर गॅलरीत सुमारे ११०० मुले होती. आपल्याला मिळणार नाही या धास्तीने ती जिन्यावरून खाली धावली. जिन्याच्या तळाशी एक दार होते, आतल्या बाजूला उघडणारे. तिकिटे तपासायला सोपे जावे म्हणून ते एक मूल जाईल एवढीच फट ठेवून बोल्टने अडकवलेले होते. पुढची मुले त्या फटीशी अडकली, मागची येतच राहिली. तीन ते चौदा वर्षांची १८३ मुले गुदमरून मेली.

बोल्ट कुणी लावला हे चौकशीत शेवटपर्यंत ठरले नाही. पण पोरे का धावली, असे विचारून कुणाला थांबता आले नाही. १८३ कफनांसमोर तो प्रश्न कोण विचारणार? या दुर्घटनेनंतर सार्वजनिक जागांत पुरेसे आणि बाहेरच्या बाजूला उघडणारे दरवाजे असावेत, असे कायदे झाले. आणि १८९२ मध्ये एका माणसाने अशा कडीचे पेटंट घेतले, जी आतून नुसत्या अंगाच्या दाबाने उघडते. आज मोठ्या दवाखान्यांत आणि सिनेमागृहांत दारावर जी आडवी दांडी दिसते, तिची ही आजी. त्या माणसाचे नाव होते रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज. एका ब्रिग्जने आमचे धुळे आखले, दुसऱ्याने जीव वाचवणारी कडी केली. नावाचाच योगायोग, पण धुळेकराला तो लक्षात ठेवायला सोपा.

आपल्या देशात हा धडा फार उशिरा गिरवला गेला. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत आग लागली आणि नव्वदहून अधिक मुले जळून मेली. गवती छप्पर, अरुंद जिना, कोंडलेली मुले. त्या प्रकरणात दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट सांगितले आणि शाळांच्या इमारती राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे असाव्यात असे आदेश दिले. बाहेर पडायचे दार बाहेरच्या बाजूला उघडावे, त्याची रुंदी किमान एक मीटर असावी, असे त्या संहितेत आहे. १९२३ च्या सक्तीची राहिलेली दुसरी बाजू २००९ मध्ये पूर्ण झाली, असे म्हणायला हरकत नाही.

लहान बोट राहूनच गेले

पण कायदा मोठ्या मरणाकडे बघतो. लहान बोट त्याच्या नजरेतून सुटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची काढून वाचा. बारमाही इमारत, प्रत्येक शिक्षकामागे वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. सगळे हवेच. बिजागरी त्यात नाही. २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शाळा सुरक्षेचे धोरण काढले, २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने शाळा व्यवस्थापनाची जबाबदारी निश्चित करणाऱ्या सूचना दिल्या. २०२४ च्या बदलापूरच्या संतापजनक प्रकारानंतर महाराष्ट्रात सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांवर जोर आला, आणि तो यायलाच हवा होता. पण कॅमेरा बोट चेमटताना बघू शकतो, ते वाचवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या घरातली. शिक्षण हक्क कायदा मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या मदरशांना आणि वेदपाठशाळांना लागू नाही. मोहल्ल्यातल्या मकतबात संध्याकाळी पन्नास-साठ लेकरे एका खोलीत बसतात. त्या खोलीच्या दाराला विचारणारा कायदा नाही, तपासायला येणारा साहेब नाही. तिथे विचारणारे आपणच.

दुसरी उणीव नोंदीची. इतिहासाचार्य राजवाडे यांचे आयुष्य अस्सल कागद गोळा करण्यात गेले आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ या शहरात आजही जुनी दफ्तरे जपते. कागद नाही तर इतिहास नाही, हे धुळेकराला वेगळे सांगायला नको. पण शाळेत कुणाचे बोट कधी, कोणत्या दारात सापडले, याची नोंदवही माझ्या पाहण्यात आजवर आलेली नाही. १८८१ च्या कायद्याने गिरणीमालकाला अपघात कळवायला लावले होते. शाळेने हे अजून आपण होऊन सुरू केलेले नाही. नोंद नसली की प्रत्येक अपघात पहिलाच वाटतो, आणि पहिला अपघात नेहमी नशिबाचा असतो.

जिथे नोंदी ठेवल्या, तिथे चित्र स्पष्ट झाले. ग्लासगोच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये मुलांच्या बोटांच्या जखमांचा अभ्यास छापला. दारात चेमटणे हे त्यात मोठे कारण निघाले आणि दारांना संरक्षण बसवावे असा विचार त्यांनी मांडला. ब्रिटनमध्ये २०१७ पासून दाराच्या बोटरक्षकांसाठी वेगळे मानकही आहे. म्हणजे मुलाला सावध करत बसण्यापेक्षा फट झाकणे सोपे, हे तिथेही मोजूनमापूनच कळले.

बिजागरी हे यंत्र आहे

दार हे यंत्र आहे असे आपल्याला वाटत नाही, म्हणून थोडा हिशेब करू. दार ९० सेंटिमीटर रुंद आहे. कडीच्या बाजूने एका पोराने पाच किलोचा जोर लावून ते ढकलले. बिजागरीपासून दीड सेंटिमीटरवर दुसऱ्या पोराचे बोट आहे. तरफेचा नियम शाळेतच शिकवतात: अंतर साठपट कमी, तर जोर साठपट जास्त. पाच गुणिले साठ, तीनशे किलो. कापसाच्या मुलखात सांगायचे तर तीन क्विंटल कापूस त्या एका बोटावर. प्रत्यक्षात आकडा थोडा खालीवर होईल, पण अडकित्त्यात सुपारी घातल्यासारखी ही गत आहे. सुपारीही आपण अडकित्त्याच्या टोकाशी धरत नाही, सांध्याजवळ धरतो. कारण तेच.

म्हणून कडीकडच्या बाजूला चेमटले तर बहुधा नख काळे पडते, बिजागरीकडे चेमटले तर टोक तुटू शकते. आणि लहान मुलाला बिजागरीकडची फटच आवडते. दार उघडे असताना ती उघडी दिसते, त्यातून पलीकडचे दिसते. दार लागताना तीच फट मिटते, हे पहिलीतल्या मुलाला कळत नाही. ढकलणाऱ्यालाही दाराच्या पलीकडचे बोट दिसत नाही. यात खोडी कुणाचीच नाही.

काय करता येईल

यातले बहुतेक उपाय सुतार किंवा वेल्डर अर्ध्या दिवसात करू शकतो.

पहिला, वीट हटवा आणि दार भिंतीला अडकवायला पक्का हूक लावा. खानदेशातल्या उन्हाळी वाऱ्याला वीट पुरत नाही आणि विटेला ठेचकाळून पोरे पडतात ती वेगळीच. हूक मोठ्यांनी लावायचा, शाळा भरताना आणि सुटताना तपासायचा.

दुसरा, बिजागरीकडची फट झाका. यासाठी प्लास्टिकच्या तयार पट्ट्या मिळतात. त्या परवडत नसतील तर जाड रबराची किंवा रेक्झिनची पट्टी एका बाजूने पल्ल्याला आणि दुसऱ्या बाजूने चौकटीला बसवता येते. दार पूर्ण उघडेल इतकी ढील ठेवायची, आणि पट्टी जमिनीपासून निदान मुलाचा वर केलेला हात पोहोचेल तिथपर्यंत न्यायची. फट दाराच्या दोन्ही अंगांना असते, दोन्हीकडून बघायची. पट्टी फाटते, म्हणून दर सत्राला तपासायची.

तिसरा, दार फाडकन लागू नये म्हणून सावकाश लावणारा क्लोजर. तो जमला नाही तर कडीकडच्या काठावर वरच्या बाजूला फोमचा किंवा जाड रबराचा तुकडा, म्हणजे दार पूर्ण मिटणार नाही. सुरुवात बालवाडी, पहिली-दुसरी आणि स्वच्छतागृहे यांपासून करावी, कारण तिथे घाई आणि गर्दी जास्त. चॅनल गेटच्या पट्ट्यांत तर बोट कात्रीत सापडल्यासारखे सापडते. ते उघडणे-लावणे मुलांकडे कधीच देऊ नये.

पण एक लक्षात ठेवा. बोट वाचवायच्या नादात दार बाहेरून कडी लावून ठेवणे किंवा बाहेरची वाट अडवणे हा उपाय नव्हे. तो संडरलँडचा आणि कुंभकोणमचा रस्ता आहे.

आणि तरीही बोट सापडलेच तर ओढू नका, आधी दार उघडा. स्वच्छ कापडाने दाबून धरा, हात वर ठेवा. हळद, चुना, कॉफी काही भरू नका. टोक तुटले असेल तर तो तुकडा शोधा, स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवी बंद करून बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही. मूल आणि तुकडा दोन्ही घेऊन लगेच रुग्णालय गाठा. नुसते नख काळे दिसले तरी आत हाड मोडलेले असू शकते, एक्स-रे काढून घ्या.

हे करायचे कुणी? शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. त्यात "दारांच्या बिजागऱ्या" ही एक ओळ लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही समिती फक्त सल्ला देऊ शकते. पण रबराच्या पट्टीसाठी सल्लाही पुरेसा आहे. मकतबाच्या दारासाठी तर जुम्याच्या दिवशी दोन माणसांनी उभे राहून बोलले तरी पुरे.

भाचीच्या शाळेत मी हे बोललो. मुख्याध्यापक बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, इतकी वर्षं झाली, कुणी हे बोललंच नाही." मी माझे नख दाखवले. पुढच्या आठवड्यात गेलो तर दाराला हूक बसला होता. पट्टी अजून यायची आहे, मी पुन्हा जाणार आहे. वीट कुठे गेली विचारले, तर पोरांनी मैदानात स्टंप म्हणून नेली होती.

तिची जागा तीच आहे.